बोनसचे ४० हजार, पतसंस्थेत ठेवू की एसआयपी?

अंबडवाला: नमस्कार मंडळी, अंबड एमआयडीसीत लागून सात महिने झाले, हातात २१ हजार येतात, पाथर्डी फाट्याला दोघांत रूम आहे, भाडं, मेस, गाडीचा हप्ता जाऊन सात-आठ हजार उरायला पाहिजेत पण २० तारखेलाच खात्यात चारशे रुपये. आता बोनस आलाय. पप्पा म्हणतात गावच्या पतसंस्थेत टाक, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतात, मित्र म्हणतो सगळे एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात हप्त्या-हप्त्याने टाक. सांगा ना कोणीतरी.

सिडकोची ताई: अरे भावा थांब जरा. बँक बुडाली तर डीआयसीजीसी, म्हणजे बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणारी आरबीआयची संस्था, तिच्या विम्यातून मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत मिळतात, सहकारी बँकेलाही तो विमा असतो, २०२० च्या आधी १ लाखच होता. पतसंस्थेला तो नाहीच! माझ्या आईने शिवणकाम करून जमवलेले १ लाख ८० हजार असेच अडकलेत, नऊ वर्षं झाली, पावती अजून कपाटात साडीच्या घडीत आहे, दर दिवाळीला काढते, बघते, परत ठेवते. सगळ्या पतसंस्था वाईट नसतात, पण दोन टक्क्यांसाठी नको रे.

गंगापूररोडकर: ताई बरोबर बोलतायत. तुझा खर्च १३-१४ हजार धरला तर ४० हजार म्हणजे जेमतेम तीन महिने, ते बँकेत एफडी कर आणि विसर. एसआयपी नंतर, कारण अडीनडीला पैसे लागले आणि नेमकं तेव्हाच मार्केट पडलेलं असलं तर तोट्यात विकावं लागतं. २० तारखेचं म्हणशील तर पगार झाला की दुसऱ्या दिवशी ३ हजारांची आरडी, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम भरायची बँकेतली ठेव, आपोआप कटू दे. मी एक महिना वहीत लिहिलं होतं, चहा, वडापाव, रविवारची मिसळ, सगळं तीस-चाळीस करत यूपीआयने, बेरीज ४,२०० आली, मला खरंच वाटेना.

सातपूरचा जुना: नोकरी बदललीस तर पीएफ काढू नको, यूएएन म्हणजे तुझा पीएफचा नंबर तोच राहतो, ट्रान्सफर कर. पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागू शकतो. आणि क्रेडिट कार्ड घेतलंस तर पूर्ण बिल भर, नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत बसलास तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं.

अंबडवाला: खूप आभार सगळ्यांचे. चेअरमन पप्पांच्या ओळखीचे आहेत म्हणून अवघड जाईल, पण आज रात्री फोन करून विम्याचं सांगतो. ताई, आईंचे पैसे मिळोत लवकर. आरडी ॲपवरून होते का?

गंगापूररोडकर: हो, आजच कर.