"बाई, तुमचे सर बी कारखान्याला गेलेत का?" – पोरांना किती सांगायचं?

खडूचीपेटी:
बीड जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे. दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. ऑनलाइन बदलीत या गावात आले. माझा घटस्फोट झालेला आहे.

शिक्षकांत ही गोष्ट लपून राहण्याचा प्रश्नच नव्हता. घटस्फोटित म्हणून संवर्ग एकमधून, म्हणजे बदलीत प्राधान्य मिळणाऱ्या गटातून, अर्ज केला होता आणि त्या याद्यांच्या पीडीएफ जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर फिरतात. गावात तोंडावर कुणी विचारत नाही. राहिली होती ती पोरं. परवा वह्या तपासत होते. तिसरीतली एक पोरगी टेबलाला खेटून उभी, नजर माझ्या गळ्यावर. म्हणाली, "बाई, तुमचे सर बी कारखान्याला गेलेत का?"

बाहेरच्यांसाठी सांगते. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडे निम्मं गाव ऊसतोडीला जातं, सांगली-कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. माझ्या वर्गातली बरीच पोरं तेवढे महिने आजीपाशी असतात, हंगामी वसतिगृहात जेवतात. घरातलं माणूस दिसत नाही म्हणजे ते कारखान्याला, असा त्यांचा साधा हिशेब.

मी म्हटलं, "आधी हातचा घे, मग सांगते." तिनं हातचा घेतला आणि उभीच. मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणून सुटले.

आमचे मुख्याध्यापक सर म्हणतात, "पुण्याला नोकरीला आहेत म्हणा, विषय मिटला." मला तो मिटेलसं वाटत नाही. या पोरांची गेलेली माणसं परत येतात. कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे हंगाम संपला, की पाडव्याच्या आगेमागे ट्रॅक्टर गावात शिरतात आणि पोरं वर्ग सोडून रस्त्यावर पळतात. "पुण्याला" म्हटलं की "कधी येणार?" हे आलंच. म्हणजे एका खोट्यावर मी वर्षभर तारखा देत बसायचं.

खरं सांगावं, तर वर्गात एक मुलगा मामाकडे राहतो. त्याची आई नांदत नाही. त्याच्यासमोर हा विषय काढायला जीव धजत नाही.

तिसरी-चौथीच्या पोरांना तुम्ही स्वतःबद्दल किती सांगता? अनुभव सांगा. उपदेश माहेरी भरपूर मिळतो.

जुनामास्तर:
बाई, आमची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली. हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही, कारण मास्तर गावातच राहायचा. रात्री आमचं नवराबायकोचं वाजलं तर सकाळी चौथीच्या वर्गाला कोण काय बोललं तेही ठाऊक असायचं. सांगायचं काय त्यात? आता बरेच जण तालुक्याहून ये-जा करतात आणि मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहतो म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडतात. (तुम्हाला बोलत नाही, राग नसावा.) पोरांना दिसत नाही, म्हणून ती विचारतात.

एकच वाक्य ठरवा: "आमचं लग्न मोडलं, आता मी एकटी राहते." का मोडलं, कुणाचं चुकलं, कोर्टात काय झालं यातलं अक्षर नको. आणि त्याच दिवशी अंगणवाडीताईच्या कानावर तेच वाक्य घाला. घरोघरी पोरं वेगवेगळं सांगणारच, निदान मूळ वाक्य तुमचं असू द्या.

पुणेकर_आई:
मी पालक आहे, दुसऱ्या टोकाचं सांगते. मुलगी दुसरीत असताना तिच्या टीचर घरचं सगळं वर्गात बोलायच्या. सासूबाईंचं ऑपरेशन, नवऱ्याची गेलेली नोकरी, फ्लॅटचे थकलेले हप्ते. वर "घरी सांगू नका हं" अशी ताकीद. मुलगी रात्री दचकून उठायला लागली, विचारलं तर गप्प. मग एकदा दप्तर आवरताना पाकीट सापडलं. आजीनं वाढदिवसाला दिलेले पैसे, आणि वर तिच्या अक्षरात "टीचरच्या हप्त्याला".

टीचर वाईट नव्हत्या. बोलायला घरी कुणी नसावं, म्हणून सात वर्षांच्या पोरांपुढे बोलत होत्या. पण राग आला तो आलाच. तुम्ही घटस्फोटाचं खुशाल सांगा. तुमचं कसं होणार ही चिंता मात्र पोरांच्या डोक्यावर ठेवू नका.

नाशिकची_समुपदेशक:
"घरी सांगू नका" हे माझ्या मते सगळ्यात वाईट. आम्ही शाळांतून चांगला-वाईट स्पर्श शिकवतो, 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर पाठ करून घेतो. पोरांना बजावतो, "कुणाला सांगू नको" असं मोठं माणूस म्हणालं, मग ते कितीही लाडकं असो, तर घरी सांगायचंच. आणि दुसऱ्याच तासाला लाडक्या बाई वर्गाला गुपित देतात! पोरानं कुणाचं ऐकायचं? जे सगळ्या वर्गाला पालकांदेखत सांगता येत नाही, ते मुलांना सांगूच नये.

मामाकडच्या मुलाला बाजूला घेऊन "आपलं दोघांचं सारखंच" असंही म्हणू नका. तुम्हाला धीर येईल, त्याला ओझं होईल. तो आपणहून बोलला तर ऐका.

खडूचीपेटी:
सगळ्यांचे आभार. गुरुजी, मी गावातच खोली घेऊन राहते, त्यामुळे राग नाही!

आज सांगितलं. तिनंच पुन्हा विचारलं, मी सगळ्यांदेखत उत्तर दिलं. "नाही गं, कारखान्याला नाहीत. आमचं लग्न मोडलं, मी एकटी राहते."

"मंग येणार नाहीत?"
"नाही."
"मंग तुमच्या भाकरी कोण करतं?"
"मीच."
"चुलीवर?"
"गॅसवर."

मागून चौथीतला एक जण म्हणाला, "बाई, मला येतेत भाकरी. आजीला दिसत नाही, मीच थापतो." पोरी हसल्या, तो चिडला, मग कुणाकुणाला काय रांधता येतं यावरच तास गेला. गणित राहिलं. मामाकडचा मुलगा हसण्यात होता, माझ्या विषयावर काही बोलला नाही. मीही त्याला टोकलं नाही.

संध्याकाळी अंगणवाडीताईंना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही रुजू झाल्या त्याच आठवड्यात कळलंय आम्हाला. चहा घेता का?"

संक्रांतीला शाळेत माता-पालकांचं हळदीकुंकू ठेवायचं सरांच्या मनात आहे. कुंकू कुणी लावायचं यावर त्यांनी आत्ताच घसा खाकरलाय. त्यासाठी वेगळा धागा काढते.