रिपोर्ट नॉर्मल, कंबर मात्र दुखतेच: तुमचा अनुभव सांगा

कंबर कुणाची दुखत नाही? वाकून बादली उचलली, उसण भरली, चार दिवस शेकलं, पाचव्या दिवशी विसरलो. ती कंबरदुखी इथे नको. इथे लिहायचं ते महिनोन्‌महिने न हटणाऱ्या दुखण्याबद्दल. एक्स-रे स्वच्छ येतो, डॉक्टर 'तसं काही नाही, वजन कमी करा' म्हणतात आणि घरातले हळूहळू 'हिचं नेहमीचंच' म्हणायला लागतात, ते दुखणं.

२०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. त्यात दहातल्या नऊ जणांच्या दुखण्याला बोट ठेवता येईल असं एक कारण सापडत नाही. डॉक्टर खोटं बोलत नसतात. पंचाईत होते ती उरलेल्या दहाव्याची, कारण त्यालाही तेच उत्तर मिळत राहतं.

म्हणून एक विनंती. कुठे दुखतं ते एका ओळीत लिहा, पण कधी दुखतं ते सविस्तर लिहा. झोपल्यावर वाढतं की चालल्यावर, पहाटे की दिवस कलल्यावर. डॉक्टरांची आणि हॉस्पिटलांची नावं नकोत, औषधांचे डोसही नकोत. सुरुवात मीच करते.

ठाणे

पंचविशीत सुरू झालं. कधी उजव्या कुल्ल्यात खोल, कधी डाव्या. पहाटे चारच्या सुमारास दुखण्याने जाग यायची. मग हॉलमध्ये अंधारात येरझाऱ्या. आई विचारायची, 'अगं, झोप ना जरा, बरं वाटेल.' झोपलं की तर दुखायचं! सकाळी मोजे घालायला वाकता यायचं नाही, आंघोळीचं कढत पाणी पाठीवर घेतलं की तासाभराने अंग मोकळं व्हायचं. लोकलमध्ये कुणी सरकून चौथी सीट दिली तरी मी उभीच. मैत्रिणींना वाटायचं, हिचा नसता शिष्टपणा.

हाडांच्या एका डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सक्तीची विश्रांती सांगितली. पडून राहिले आणि आणखी आखडले. दुसऱ्यांनी एक्स-रे बघून 'बसण्याची पद्धत सुधारा' सांगितलं. आईने कटिबस्ती करवून आणली. कणकेचं आळं पाठीवर, त्यात कोमट तेल. तेवढा वेळ स्वर्ग, पहाटे पुन्हा तेच.

उलगडा झाला डोळ्यांच्या दवाखान्यात. एक डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळे आले असतील म्हणून गेले. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं, म्हणाल्या, 'हे आतल्या पडद्याचं आहे, युव्हायटिस.' आणि हनुवटी अजून त्या यंत्रावरच असताना विचारलं, 'सकाळी कंबर आखडते का? किती वेळ? चाललं की कमी होतं?' इतक्या वर्षांत हे तीन प्रश्न सलग कुणी विचारले नव्हते, आणि विचारले ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी.

पुढे संधिवाततज्ज्ञांकडे गेले. एचएलए-बी२७ ही रक्तातली जनुकीय चाचणी पॉझिटिव्ह आली. ही चाचणी पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही, त्यामुळे नुसत्या तिच्यावर काही ठरत नाही. खरं दिसलं ते माकडहाडाच्या वरच्या बाजूला असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यांच्या एमआरआयमध्ये, सुजेमुळे हाडाच्या आत साठलेलं पाणी. एक्स-रेवर या सुजेच्या खुणा उमटायला वर्षं लागतात. निदान: अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवाताच्या, कुटुंबातला आजार, एक्स-रेत अजून न उतरलेला. तो फक्त पुरुषांनाच होतो असा जुना समज आहे, बायकांचं निदान त्यामुळेही लांबतं.

आधी सूज उतरवणाऱ्या गोळ्या, नियमित. त्यांनी पुरेसं भागेना तेव्हा इंजेक्शनं. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतातच, कारण या औषधांनी शरीरात दबून बसलेला टीबी उठू शकतो. त्यातल्याच एका इंजेक्शनची, अडालिमुमॅबची, भारतीय बनावटीची आवृत्ती २०१४ मध्ये आली म्हणून निदान विचार तरी करता आला. तरीही महाग आहेच. आणि व्यायाम सुटत नाही. ज्या दिवशी सुटतो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

करवीर तालुका

आमच्याकडं कंबर धरली की पहिलं औषध पायाळू माणूस. पायाकडून जन्मलेल्यानं पाठीवर पाय लावला की उसण जाते म्हणत्यात. गल्लीतल्या एका आजींनी आमच्या पाठीवर पाय ठेवलाय, आणि ठेवलाय म्हंजे जोरातच. उसण गेली म्हणा, पण हे दुखणं काही गेलं नाही.

एमआरआय काढला. 'मणक्यात गॅप आहे, दोन गाद्या सरकल्यात, ऑपरेशन करून घ्या.' खर्चाचा आकडा ऐकून दुखणं क्षणभर थांबलंच. ऊस तुटून जाईपर्यंत थांबू म्हटलं. तोवर भाचा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं, पाय सरळ वर उचलून बघितला, अंगठा दाबून ताकद बघितली. म्हणाले, 'पायात कळ जात नाही, बधिरपणा नाही, ताकद शाबूत. ऑपरेशन कशाचं करायचं?'

मग व्यायाम. पण आधी भीती काढली. गॅप म्हटल्यापासून वाकायचंच सोडलं होतं, वैरणीचा भारा तर लांबच राहिला. त्यांनी रिकामी घागर उचलायला लावली, मग अर्धी भरून. आता भारा उचलतो. दुखतं मधूनमधून. कारण? सापडलं नाही.

फिजिओथेरपिस्ट, पुणे

वरच्या दादांच्या 'गॅप'बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय वगैरे तपासलेले अभ्यास त्यात एकत्र केले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांमध्ये. फुगलेली गादी विशीतही ३० टक्क्यांना. म्हणजे केस पांढरे होतात तसं हे पुष्कळसं वयाचं असतं. ज्याची कंबर दुखते त्याच्या फिल्मवर ते दिसलं की लगेच गुन्हेगार ठरतं.

माझ्याकडे येणारे लोक रिपोर्ट पाठ करून येतात. 'एल-फोर एल-फाइव्हला दाबलंय.' कुणी? कधी? बऱ्याचदा फिल्म बघणाऱ्याने पाठ उघडून बघितलेलीच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, नीट समजावून सांगणं, मानसिक आधाराचे उपचार यांना पाठिंबा आहे. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नेहमीचा उपाय म्हणून नको, असं स्पष्ट म्हटलंय. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या क्लिनिकच्या पाटीवर ट्रॅक्शनचा फोटो आहे, तो मुद्दा वेगळा.

नाशिक जिल्हा, तेव्हा पुण्यात होस्टेलवर

मला दिवसा, रात्री, बसून, झोपून, कायम दुखायचं. पाठीच्या मधोमध, एकाच मणक्यावर. तिथे बोट दाबलं की ओरडायचो. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून वजन उतरतंय असं सगळे म्हणत होते. संध्याकाळी अंग कसकसायचं, रात्री बनियन भिजायची. खोकला अजिबात नाही, त्यामुळे टीबी कुणाच्या मनात येणार?

सुट्टीत घरी गेलो तेव्हा गावच्या डॉक्टरांनी थर्मामीटर लावून रोज संध्याकाळी लिहून ठेवायला सांगितलं. त्या वहीच्या पानावरून पुढची चक्रं फिरली. ईएसआर (शरीरातली सूज सुचवणारी रक्ततपासणी) वाढलेला, एमआरआयमध्ये दोन मणके आणि मधली गादी खाल्लेली, बाजूला पू. सीटी स्कॅनखाली सुई घालून तुकडा घेतला, सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला, पाठवला. मणक्याचा टीबी.

औषधं सरकारी केंद्रातून फुकट मिळाली. आधी दोन महिने चार औषधं, मग तीन. फुप्फुसाच्या टीबीला सहा महिने पुरतात, हाडाच्याला वर्षभर तरी घ्यावी लागतात, कधी जास्त. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी घाबरून आशाताईंना फोन केला. त्या हसल्या, 'गोळी लागू पडली म्हणायची.' पोषणासाठी महिना ५०० रुपये खात्यात यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झालेत. बरं वाटायला लागल्यावर गोळ्या सोडायचा मोह फार होतो. आईने होऊ दिला नाही.

कोथरूड

थोडक्यात लिहिते. कंबर दर महिन्याला, पाळीच्या दोन-तीन दिवस आधी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांच्या शेजारी फुल्या करत गेले आणि ते पान घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं. हाडांच्या डॉक्टरांकडे घालवलेली सगळी वर्षं अस्थानी होती.

नागपूर

माझं सिझर झालं होतं. त्यामुळे कंबर दुखते म्हटलं की समोरचा वाक्य पूर्ण करूनच देतो, 'पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं होतं ना, आता जन्मभर.' सासूबाई, जाऊबाई, भाजीवाली, सगळ्यांचं एकमत. सुईची जागा काही दिवस दुखते, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा दोष तिला देता येत नाही, हे मला भूलतज्ज्ञ बाईंनीच नीट समजावलं.

माझं दुखणं फक्त कंबरेत नव्हतंच. मांड्या, बरगड्या, नडगी दाबली तरी दुखे. जमिनीवर पोळ्या लाटायला बसले की उठताना हात टेकावे लागत, जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढायची. एका फिजिशियनने मला खुर्चीवरून हाताची घडी घालून उठायला सांगितलं. उठता येईना. मग रक्तात व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि हाडांची स्थिती सांगणारं अल्कलाइन फॉस्फटेज तपासलं. डी जवळजवळ नव्हतंच. हाडं मऊ पडली होती, ऑस्टिओमलेशिया. एवढं विदर्भातलं ऊन, आणि मी दिवसभर पडदे ओढून घरात. डीची आठवड्याची पुडी आणि कॅल्शियम सुरू केलं, काही महिन्यांत जिना सुटा चढायला लागले. पण ज्याची त्याची कंबर डीनेच दुखते असं समजून पुड्या फोडू नका, त्याही जास्त झाल्या तर बाधतात.

लेस्टर, इंग्लंड

इकडे उलटी तऱ्हा. भारतात पहिल्या भेटीत एमआरआय, इकडे जीपी (फॅमिली डॉक्टर) एमआरआयचं नावच काढत नाही. मला राग यायचा, पैसे वाचवतात म्हणून. पुढे कळलं की २०१६ पासून इथल्या मार्गदर्शक सूचनाच तशा आहेत. निकालाने उपचार बदलणार असेल तरच तज्ज्ञाकडे स्कॅन. फिजिओची वाट बघण्यात बराच काळ गेला. मिळाल्यावर बरं वाटलं, हेही खरं. आई फोनवर अजून विचारते, 'पण काढला का गं एमआरआय?'

अकोला, वडिलांबद्दल

बाबा पासष्टीचे, आयुष्यात कधी डॉक्टरकडे न गेलेले. कंबर दुखायला लागली तेव्हा मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणायचे. दुखणं झोपू द्यायचं नाही, दम लागायचा, चेहरा पांढुरका. 'वय झालं' एवढ्यावर सगळे थांबले होते. साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन आठच्या खाली, ईएसआर शंभरच्या वर, मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं. तीन आकडे एकत्र बघून डॉक्टरांनी रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी तपासणी, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, करायला लावली. मायलोमा, अस्थिमज्जेतला कॅन्सर. मूत्रपिंडांवर आजाराचा भार होताच, त्यात त्या वेदनाशामक गोळ्यांची भर. उपचार चालू आहेत, बाबा पुन्हा अंगणात खाट टाकून पेपर वाचतात. साठीनंतर नव्याने सुरू झालेली कंबरदुखी असेल तर निदान हिमोग्लोबिन आणि ईएसआर तरी बघा. ओपीडीतल्या सगळ्यात स्वस्त तपासण्या आहेत.

रत्नागिरी, निवृत्त शिक्षक

वरचे अनुभव वाचून माझ्याकडे लिहायला काही नाही असं वाटलं, कारण मला उत्तर मिळालेलंच नाही. वर आलेल्या बहुतेक तपासण्या माझ्या झाल्या, सगळ्या नॉर्मल. 'नॉर्मल' ऐकून आनंद व्हायचा सोडून वाईट वाटायचं, हे कुणाला सांगायची सोय नाही. पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन लिहून दिलं. केमिस्टच्या पोराने मोठ्याने विचारलं, 'सर, डिप्रेशनची गोळी का?' चार माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरांनी मात्र आधीच सांगितलं होतं की दीर्घ दुखण्यात वेदनेची वर्दी देणाऱ्या मज्जासंस्थेचाच आवाज वाढून बसतो, ही गोळी तो कमी करायला. मला झोप लागू लागली. दुखणं दहापैकी सातवरून चारवर आलं. चारवर मला मुलांच्या शिकवण्या घेता येतात, मांडवीपर्यंत चालता येतं. कारण शोधणं मी थांबवलंय, व्यायाम नाही.

सांगली

घाईत लिहितेय. सासऱ्यांना सायटिका जुनी आहे, पण कालपासून दोन्ही पायांत मुंग्या आणि बैठकीची जागा बधिर म्हणतात. सकाळपासून लघवीला झालेली नाही. फिजिओची वेळ परवाची आहे. तोवर शेक देऊ का?

ठाणे

शेक नको, परवाची वाट नको. आत्ता, न्यूरोसर्जन आणि एमआरआय असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. बधिर बैठक आणि अडलेली लघवी म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा दाबला गेला असण्याची शक्यता. यात तास मोजतात. तिथे पोचल्या पोचल्या 'कंबर दुखते' म्हणू नका, 'लघवी होत नाही' हे आधी सांगा.

सांगली

नेलंय. कॅथेटर घातला, एमआरआयला आत घेतलंय. सर्जन निघालेत म्हणतात.