कोकोची पानं आणि एसीचं पाणी

मीनल: एक शंका आहे. हॉलमध्ये आमच्याकडे कोकोचं झाड आहे, हो तेच चॉकलेटवालं, कंबरेएवढं झालंय. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्यात, मधला भाग मात्र हिरवागार. पाणी रोज घालते. काय कमी पडतंय कोणी सांगेल का

सुहास काका: पाणीच कमी पडतंय. सकाळ संध्याकाळ दोन्ही वेळेला घाल.

नंदाताई: काका थांबा 🙏 मीनल आधी बोट खुपसून बघ, दोन पेरं खोल माती ओली लागते का

मीनल: ओली आहे. चिखल नाही पण ओली

नंदाताई: मग पाणी अजिबात वाढवू नकोस. मुळांना पुरतंय. हवा कोरडी असली की पान जेवढं पाणी बाहेर सोडतं तेवढं मुळं वर पोचवू शकत नाहीत आणि कडेला पाणी सगळ्यात शेवटी पोचतं म्हणून जळायला सुरुवात तिथूनच होते. आता पाणी वाढवलंस तर मुळं कुजणार, मुळं कुजली की पानं अजून सुकणार, की तू अजून पाणी घालणार, असं करत करतच झाडं जातात. एसी लागतो का तिथे?

मीनल: हो, दुपारी सुरू होतो तो झोपेपर्यंत. झाड बरोब्बर समोरच्या कोपऱ्यात

वैशाली वहिनी: एसीचा विषय निघालाच आहे तर मीनल, तुमच्या एसीचं पाणी आमच्या बाल्कनीत पडतं. वाळत घातलेले कपडे परत भिजतात. मागेही बोलले होते.

मीनल: सॉरी वहिनी, आजच पाइप बघते

अनिकेत: वहिनी, तुमच्या कपड्यांवर पडतंय ती मीनलच्या हॉलची ह्युमिडिटी आहे 😄

अनिकेत: मस्करी नाही करत. एसीची आतली कॉइल साधारण १०-१२ डिग्रीला असते, खोलीतली हवा तिच्यावरून गेली की हवेतली वाफ तिथे पाणी होऊन पाइपातून बाहेर जाते. आता १२ डिग्रीची हवा पूर्ण ओली असली तरी तीच खोलीत येऊन २५ डिग्रीची झाली की रिलेटिव्ह ह्युमिडिटी, म्हणजे हवेत मावू शकेल त्यातली किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते, ४५ टक्क्यांच्या आसपास येते, कारण गरम हवेत वाफ जास्त मावते. हीटरवाल्या घरात पण तेच, तिथे वाफ कोणी काढून घेत नाही पण १० डिग्रीची हवा तापवून २० ची केली की टक्केवारी जवळजवळ निम्म्यावर येते.

सुहास काका: म्हणजे गार हवेतही झाड वाळतं. हे माहीत नव्हतं.

नंदाताई: कोको हे अॅमेझॉनच्या जंगलातलं मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं झाड. त्याला दिवसा ३०-३२ पर्यंत चालतं, रात्री १८ च्या खाली नको, १० च्या खाली तर इजाच होते. हवेतला ओलावा ७० टक्क्यांच्या वर असला तर खूष, घरात ६० टिकवलास तरी बऱ्यापैकी निभावतं. म्हणजे टेंपरेचरच्या बाबतीत तुझा हॉल पास आहे, मार खातोय तो ओलाव्यात. आणि झोत थेट पानांवर येत असेल तर आणखीच वाईट.

श्वेता: मी माझ्या झाडांना दिवसातून चार वेळा स्प्रे मारते, छान टवटवीत दिसतात

अनिकेत: दिसतात गं, पण पाच-दहा मिनिटांत पाणी उडून जातं आणि हवा होती तशीच. कुंडीखाली ओल्या खड्यांचा ट्रे ठेवतात त्याचंही तसंच, हात लावण्याइतक्या अंतरावर थोडा फरक, बाकी शून्य. हे माझं मत आहे, भांडायला यायचं तर ह्युमिडिटी मोजायचा मीटर घेऊन या

नंदाताई: सहमत. त्यातून रात्रभर पानं ओली राहिली तर बुरशीला आयतं आमंत्रण. त्यापेक्षा आधी झाड झोतातून हलव. मग चार-पाच कुंड्या एकत्र ठेव, आणि तरीही भागलं नाही तर ह्युमिडिफायर, हवेत ओलावा सोडणारं यंत्र. अल्ट्रासॉनिक, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारा, घेशील तर पाणी जड (क्षारवालं) नको, पानांवर पांढरी पूड बसते. आणि छोटा पंखा हळू चालू ठेव, भिंतीकडे तोंड करून, कोंदट हवाही वाईटच. पानं मागून पण बघत जा, कोरड्या गरम हवेत लाल कोळी ही बारीक कीड पटकन पडते, बारीक जाळी आणि ठिपके दिसले की समजायचं.

मीनल: ताई वरची तीन नवीन पानं तर लालसर आहेत आणि एकदम मान टाकून लोंबतायत, ती पण गेली का 😟

नंदाताई: नाही गं, कोकोची पालवी अशीच येते, लाल आणि लुळी. काही दिवसांत हिरवी होऊन ताठ होईल. तिला हात नको लावूस आणि एवढ्यात खत पण नको

सुहास काका: ३० डिग्रीला ६० टक्के आणि २० डिग्रीला ६० टक्के, झाडाला सारखंच ना?

अनिकेत: नाही काका, ३० ला हवा पानातून पाणी जवळपास दुप्पट जोराने ओढते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे, आणि मीटर भिंतीला नाही, पानांच्या उंचीवर सावलीत ठेवायचा

श्वेता: फळं कधी लागणार पण?? चॉकलेट पार्टी 🍫

नंदाताई: फुलं यायलाच तीन-चार वर्षं लागतात आणि ती येतात थेट खोडावर, इवलीशी. बाहेर चिलटासारखे किडे परागीभवन करतात, घरात ब्रशने करावं लागेल, आणि बऱ्याच झाडांना स्वतःचे पराग चालतच नाहीत, दुसरं झाड लागतं. त्यामुळे सध्या पानं वाचवू

मीनल: माझ्याकडे एक स्वस्तातला मीटर पडलाय, तो ५२ दाखवतोय. विश्वास ठेवू का

अनिकेत: तपासून घे. बाटलीच्या झाकणात मीठ घे, पाण्याचे थोडे थेंब टाक, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर एसी नसलेल्या खोलीत ठेव. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर तुझा मीटर ५ ने कमी सांगतोय, तेवढे मिळवायचे.

मीनल: आयोडीनवालं मीठ चालेल?

अनिकेत: चालेल. फक्त पूर्ण विरघळू देऊ नको, खडे शिल्लक दिसायला हवेत