मदत हवी आहे: गरोदरपणात झिका झालेल्या आयांची बाळं, जन्मावेळचं डोक्याचं माप आणि तुलनेचा गट

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात पीएसएममध्ये (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) एमडी करतेय. जून २०२४ मध्ये एरंडवण्यात डासांमुळे पसरणाऱ्या झिका विषाणूचे पहिले रुग्ण सापडले आणि आसपासच्या गरोदर बायकांचे नमुने एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्था) गेले, ते आठवत असेल. त्या साथीत पॉझिटिव्ह आलेल्या आयांच्या मुलांची वाढ हा माझा थिसिसचा विषय.

गरोदरपणातल्या झिकामुळे बाळाचं डोकं लहान राहू शकतं, म्हणून जन्मतः डोकं नॉर्मल म्हणजे सुटलो, असं घरच्यांना वाटतं. पण ब्राझीलमध्ये २०१५च्या साथीनंतर असं दिसलं, की जन्मावेळी डोकं प्रमाणात असलेल्या काही बाळांचीही डोक्याची वाढ पुढे मंदावली. डोळ्यांचे, कानांचे त्रास आणि झटके हे वेगळंच. त्यामुळे ही मुलं नजरेआड होऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

घोडं अडलंय ते जन्मावेळच्या मापावर. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे बाळ जन्मलं सोलापूर-लातूरकडे. कार्डावर डोक्याचा घेर कुठे कोराच, कुठे डिलिव्हरी होताक्षणी घेतलेला. त्या वेळी डोकं दबलेलं असतं, म्हणून २४ तासांनंतर मोजायचं असतं. असं माप इंटरग्रोथच्या तक्त्याशी (नवजात बाळांच्या मापांचा आंतरराष्ट्रीय तक्ता) ताडून वापरावं, की सोडून देऊन पुढच्या मापांवरच भर द्यावा?

दुसरं, तुलनेचा गट. झिकात बहुतेकांना लक्षणंच दिसत नाहीत, पीसीआर थोडेच दिवस पॉझिटिव्ह येते आणि नंतर अँटिबॉडी तपासायला जावं तर डेंगीशी गल्लत होते. मग निगेटिव्ह आलेल्या आईला खरोखर संसर्ग झालाच नव्हता, हे कशाच्या जोरावर म्हणायचं? गाईड म्हणतात, साथीच्या आधी त्याच भागात जन्मलेली मुलं घे. मला ते पटत नाही, कारण त्यांची जन्मावेळची मापंही अशीच तुटक मिळणार. कुणी असा अभ्यास केला असेल तर काय निवडलंत?

आणि एक नाजूक गोष्ट. मी टेप भुवयांच्या वरून मागच्या उंचवट्यापर्यंत फिरवत होते, तेवढ्यात आजींनी विचारलं, "डॉक्टर, सारखं डोकंच का मोजताय?" सुनेने सासरी काही सांगितलेलं नव्हतं. मी वजन-उंचीही घेतली आणि तपासणी पुढे नेली. आता आशाताईंना सोबत न्यायचं तर वस्तीत बोभाटा होईल अशी भीती वाटते, आणि त्यांच्याशिवाय पत्ते सापडत नाहीत. संमतीपत्रकात आणि आशाताईंना सांगताना झिकाचा उल्लेख कितपत करावा? एथिक्स कमिटीपुढे हे कुणी मांडलं असेल तर त्याचा मराठी मसुदा मिळेल का?