मदत हवी आहे : तांबं घालूनही क्लोरेला हिरवागार!

एमएस्सीच्या प्रकल्पात क्लोरेला शेवाळावर तांब्याचा परिणाम बघतेय. तांबं क्लोरोफिलमधल्या मॅग्नेशियमची जागा घेतं, प्रकाशप्रणाली २ चं (प्रकाशसंश्लेषणात प्रकाश टिपणाऱ्या यंत्रणेचं) काम अडवतं, म्हणजे एफव्ही/एफएम (ही यंत्रणा किती नीट चालते ते दाखवणारं गुणोत्तर) घसरायला हवं. इथे मोरचूद (कॉपर सल्फेट) घालून ७२ तास झाले, आकडा ०.६५ वरून हलत नाही! मोजण्याआधी नमुना २० मिनिटं अंधारात ठेवते, तेव्हा चूक तिथे नसावी.

संशय बीजी-११ माध्यमातल्या (शेवाळ वाढवायच्या द्रावणातल्या) ईडीटीए या रसायनावर आहे. तो तांब्याला धरून ठेवतो, मग पेशीपर्यंत पोचणार काय? पण ईडीटीए काढला तर लोह तळाशी बसू शकतं. मग घसरण तांब्याची की लोह कमी पडल्याची, हे कसं ओळखायचं? कुणी ईडीटीए कमी करून पाहिलाय का, किती? की पेशी धुऊन थोडे तासच साध्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) तांबं द्यावं? (सर म्हणतात, 'डोस वाढव.' मला पटत नाही.)