मदत हवी आहे: फोटोचं शार्पनिंग (कडा ठळक करणं) केलं की पक्ष्याभोवती पांढरी रेघ येते

मंडळी, सध्या शिंपी, वटवट्या, शिंजीर असल्या चिमुकल्या पक्ष्यांचे फोटो काढायच्या मागे लागलोय. ४०० मिमी लेन्स, शटर १/२०००, आयएसओ बहुतेक वेळा ३२००. फोकस डोळ्यावरच असतो, पण पक्षी फ्रेममध्ये एवढासा येतो की निम्म्याहून जास्त फोटो कापावा लागतो. (शिंपी दोन सेकंद एका जागी बसला तर शपथ!)

खरी अडचण पुढे आहे. रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाइल) ठीक दिसते, पण २०४८ पिक्सेलपर्यंत छोटी केली की पिसं मऊ पडतात. म्हणून अनशार्प मास्क (शार्पनिंगचं फिल्टर) लावतो: अमाउंट, म्हणजे जोर, १५०; रेडियस, म्हणजे कडेभोवतीची रुंदी, १.५. मग चोचीभोवती आणि पाठीच्या कडेला पांढरी रेघ उमटते, मागच्या धूसर हिरव्यात नॉइजचे दाणे दिसायला लागतात. अपलोड केल्यावर जेपेग आणखी दाबली जाते, तेव्हा तर विचारूच नका.

रेडियस ०.५ वर आणला तर रेघ जाते, पण पिसंही पुन्हा मऊ.

नॉइज आधी काढायचा, एवढं कळलंय. शार्पनिंग दोनदा करता का, रॉमध्ये थोडं आणि छोटं केल्यावर थोडं? आणि शार्पनिंग फक्त पक्ष्यापुरतं ठेवणारा मास्क केला तर पिसांच्या कडेला तो कळू नये म्हणून काय करता?