शब्दचर्चा : ‘टीम स्पीड’ म्हणजे गती, वेग की चपळाई?

विचारणा

उत्तर अमेरिकेतील एका मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी मी अमेरिकन फुटबॉलची ओळख करून देणारा लेख लिहीत आहे. येथे वाढलेल्या मुलांना हा खेळ कळतो. त्यांच्याकडे काही महिने राहायला आलेल्या आजी-आजोबांना मात्र रविवारी दुपारभर नातवंडांशेजारी बसूनही तो उमगत नाही, आणि लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. समालोचकांच्या तोंडी वारंवार येणाऱ्या ‘टीम स्पीड’ या शब्दापाशी मी अडले आहे. ‘संघाची गती’ असे लिहिले, तेव्हा मसुदा वाचून वडिलांनी विचारले, “म्हणजे धावगतीसारखे काही असते का?” ‘संघाचा वेग’ म्हटले तर अकरा जणांच्या वेगाची सरासरी काढल्यासारखे वाटते, आणि ‘चपळ संघ’ म्हटले तर शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या माणसांविषयी ते चमत्कारिक दिसते. सध्याचे वाक्य असे आहे : ‘व्यावसायिक फुटबॉलमध्ये ताकदीइतकीच संघाची गती महत्त्वाची असते.’ कोणता शब्द घ्यावा, हे कृपया सुचवावे.

प्रतिसाद

‘टीम स्पीड’ असेच ठेवावे. टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणे) आणि क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असणारा खेळाडू) हे शब्द आपण जसेच्या तसे वापरणार असाल, तर या एका शब्दावरच मराठीची सक्ती कशासाठी?

प्रतिसाद

वरील मत मला पटत नाही. टचडाउन हे एका विशिष्ट खेळातील एका विशिष्ट घटनेचे नाव आहे आणि त्याला प्रतिशब्द घडवून वाचकाच्या पदरात काही पडणार नाही. वेग ही मात्र वाचकाच्या नित्य अनुभवातील गोष्ट आहे. तिच्यासाठी मराठीत पाच-सहा शब्द आहेत आणि त्यांतील प्रत्येक शब्द निराळे काही सांगतो.

‘गती’ हा शब्द ‘गम्’ धातूपासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ केवळ जाणे, हालचाल होणे एवढाच आहे. ती हालचाल जलद आहे की संथ, हे त्या शब्दात सांगितलेलेच नसते. म्हणूनच ‘तो वेगाने पळाला’ हे वाक्य आपल्याला पूर्ण वाटते, परंतु ‘तो गतीने पळाला’ असे म्हटले की काही तरी राहून गेल्यासारखे वाटते आणि ‘जलद गतीने’ किंवा ‘मंद गतीने’ असा टेकू द्यावा लागतो. शिवाय ‘तिला गणितात गती आहे’ या प्रयोगात गती म्हणजे उपजत समज होय, आणि सद्गती-अधोगतीपर्यंत त्या शब्दाचा पसारा गेलेला आहे. आपल्या वडिलांना धावगती आठवली, हा त्यांचा दोष नव्हे. क्रिकेटने तो शब्द आपल्या कानांत इतका मुरवला आहे की ‘संघाची गती’ म्हटल्यावर मराठी वाचकाला संघ किती भराभर खेळतो, हाच अर्थ प्रथम सुचणार.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ही दुसरी गोष्टही अस्तित्वात आहे. चिप केली २०१३ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांचा संघ दोन चालींच्या मध्ये घोळका करून खलबत करण्याचे टाळून लगेच पुढची चाल खेळण्यासाठी ओळखला जात असे. त्याला खुशाल ‘खेळाची गती’ म्हणावे. एखाद्या संघातील प्रत्येक खेळाडू मंद असला, तरी त्या संघाच्या खेळाची गती अधिक असू शकते. यावरूनच ‘टीम स्पीड’साठी हा शब्द चालणार नाही हे उघड व्हावे.

चपळाईविषयी. मांजर चपळ असते आणि घोडा वेगवान असतो; उलट म्हणून पाहिले की फरक लगेच कानाला कळतो. खो-खोमध्ये बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळणारा खेळाडू चपळ असावा लागतो, तर एकदा दिशा घेतल्यावर खांबाकडे सरळ झेपावणाऱ्या पाठलागकर्त्याला वेग लागतो. चपळाईत वळणे, थबकणे, हुलकावणी देणे आले. सरळ रेषेतील धाव त्यात येतेच असे नाही.

प्रतिसाद

खेळाच्या बाजूने काही भर घालतो, कारण हा फरक तेथे प्रत्यक्ष मोजलाही जातो. दरवर्षी इंडियानापोलिस येथे नव्या खेळाडूंची जाहीर चाचणी होते. तिच्यातील सर्वांत गाजणारा भाग म्हणजे ४० यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांची सरळ धाव. २०२४ मध्ये झेवियर वर्दी याने ती ४.२१ सेकंदांत पूर्ण केली आणि २०१७ चा जॉन रॉस याचा ४.२२ सेकंदांचा विक्रम मोडला. त्याच चाचणीत तीन शंकूंना वळसे घालत धावण्याची वेगळी कसोटी असते, आणि तीच चपळाईची कसोटी. २०१९ मध्ये डीके मेटकाफ या धिप्पाड खेळाडूने सरळ धाव ४.३३ सेकंदांत संपवून सर्वांना थक्क केले, पण शंकूंच्या कसोटीत त्याला ७.३८ सेकंद लागले, आणि ही वेळ त्याच्या जागेवर खेळणाऱ्यासाठी बरीच मंद समजली जाते. नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक ६४ वा लागला. तेव्हा ‘वेगवान आहे, पण चपळ नाही’ हे वाक्य फुटबॉलमध्ये शब्दच्छल ठरत नाही. त्यावर माणसाच्या कराराची रक्कम अवलंबून असते.

पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच मेटकाफने आपल्या संघाचा चेंडू पळवून निघालेल्या बुडा बेकरला जवळजवळ संपूर्ण मैदानभर पाठलाग करून टचडाउनच्या काही यार्ड अलीकडे लोळवले. त्या वेळी त्याचा कमाल वेग ताशी २२.६४ मैल, म्हणजे सुमारे ३६.४ किलोमीटर नोंदला गेला. खेळाडूंच्या खांद्यांवरील संरक्षक पॅडमध्ये बसवलेल्या चकत्यांमुळे हे आकडे हल्ली मिळतात. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांना त्या चढाईत एकही गुण मिळवता आला नाही. सामना मेटकाफचा संघ हरला, तरी लोकांच्या लक्षात ती धावच राहिली.

परंतु हा एका माणसाचा वेग झाला. ‘टीम स्पीड’ हा शब्द प्रशिक्षक ज्या अर्थाने वापरतात, तो समजण्यासाठी जिमी जॉन्सन यांचे उदाहरण मला सर्वांत स्पष्ट वाटते. १९८४ ते १९८८ या काळात मायामी विद्यापीठाच्या संघाचे आणि १९८९ पासून डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक असताना त्यांनी बचावफळीत एक साधा बदल केला. मागच्या फळीतील हलक्या, वेगवान खेळाडूला ते मधल्या फळीत आणत, आणि मधल्या फळीतील खेळाडूला पुढच्या फळीच्या टोकाला उभा करीत. प्रत्येक जागी नेहमीपेक्षा थोडा हलका, पण अधिक वेगवान माणूस आला. पहिल्या हंगामात काउबॉइजनी सोळांपैकी एकच सामना जिंकला होता. १९९२ आणि १९९३ या हंगामांचे सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचे अंतिम सामने, त्यांनी जिंकले. या यशाला इतरही अनेक कारणे होती, आणि केवळ वेगाला श्रेय देणे अन्यायाचे होईल.

मैदानाची रुंदी सुमारे ४९ मीटर असते आणि ती कोणाच्याही सोयीने बदलत नाही. चेंडू घेतलेला खेळाडू कडेने वळसा घालून पुढे सरकू पाहतो. मधल्या फळीतील बचावपटू मंद असतील तर त्याला वळणाची मोकळीक मिळते. ते वेगवान असतील तर तो कडेच्या रेषेवर पोहोचेपर्यंत वाट बंद झालेली असते आणि ती रेषाच बारावा बचावपटू बनते. दोन्ही वेळा मैदान तेच असते, पण दुसऱ्या वेळी ते आखूड झालेले असते. माझ्या मते सांघिक वेगाचे खरे महत्त्व येथे, बचावात आहे. प्रेक्षकांना तो आक्रमणात अधिक दिसतो, हे दुर्दैव.

आक्रमणातील एक जुना दाखला बॉब हेझ यांचा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळवून ते पुढील वर्षी काउबॉइजमध्ये दाखल झाले. एकास एक पाठीशी लावून त्यांना अडवणे अशक्य ठरू लागले आणि माणसाऐवजी मैदानाचा भाग राखण्याच्या बचावपद्धतीला जोर येण्यास त्यांचा वेग कारण झाला, असे मानले जाते. (या पद्धतीचे शब्दशः भाषांतर ‘क्षेत्ररक्षण’ होते, पण तो शब्द क्रिकेटने कधीच पळवला असल्यामुळे लेखात ‘विभागवार बचाव’ असे लिहावे.)

आता उलट बाजू. मायामी डॉल्फिन्सनी २४ सप्टेंबर २०२३ रोजी डेन्व्हरविरुद्ध ७० गुण केले. टायरीक हिल, जेलन वॉडल, रहीम मोस्टर्ट आणि डेव्हॉन एचेन असे चौघे अतिवेगवान खेळाडू त्या हंगामात एकाच आक्रमणात होते, आणि १९६६ नंतर एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत कोणी एका सामन्यात एवढे गुण केले नव्हते. त्याच संघाला जानेवारीत कॅन्सस सिटीच्या उणे २० अंश सेल्सियस थंडीत अवघे ७ गुण मिळाले आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. दुखापती होत्या, थंडी होती. तरीही वेगावर बेतलेल्या संघापाशी वेग चालेनासा झाल्यावर दुसरे काय आहे, हा प्रश्न त्या रात्री उघडा पडला. ऑकलंड रेडर्सचे मालक अल डेव्हिस यांना वेगाचे वेड होते. २००९ मध्ये त्यांच्या संघाने ४.३० सेकंदांत धावणाऱ्या डॅरियस हेवर्ड-बे याला सातव्या क्रमांकावर निवडले, आणि पहिल्या हंगामात त्याने सगळे मिळून नऊ झेल घेतले. याउलट झेल घेऊन मिळवलेल्या २२,८९५ यार्डांचा विक्रम नावावर असलेले जेरी राइस घड्याळावर कधीच विशेष वेगवान नव्हते. क्रिकेटच्या समालोचनात ज्याला पदलालित्य म्हणतात, ते त्यांच्यापाशी विलक्षण होते.

तेव्हा माझी सूचना अशी की चाचणीतील वेगाला ‘धावेचा वेग’ म्हणावे आणि ‘टीम स्पीड’साठी ‘सांघिक वेग’ वापरावा. ‘संघवेग’ हा समास व्याकरणाने चुकत नाही, पण तो कोणी उच्चारील असे वाटत नाही.

प्रतिसाद

मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे एक मुद्दा मांडावासा वाटतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘चाल’ आणि ‘वेग’ यांत भेद केलेला आहे : ठरावीक काळात कापलेले अंतर म्हणजे चाल, आणि विशिष्ट दिशेने कापलेले अंतर म्हणजे वेग. या परिभाषेप्रमाणे ‘स्पीड’ला चाल म्हणावे लागेल. परंतु खेळांच्या मराठीत चाल म्हणजे बुद्धिबळातील खेळी किंवा आखलेला बेत, आणि वरच्या प्रतिसादांतही तो शब्द त्याच अर्थाने आला आहे. ‘संघाची चाल महत्त्वाची’ असे लिहिले तर वाचक वेगळ्याच वाटेला जाईल.

मात्र योगायोग असा की परिभाषेतील ‘वेग’ येथे अधिक अचूक बसतो. बचावपटूने पळणाऱ्याच्या मागे धावायचे नसते; तो जेथे पोहोचणार आहे त्या बिंदूकडे तिरपे धावायचे असते. त्याने कोन चुकीचा घेतला तर कितीही जलद धावून उपयोग होत नाही, आणि कोन अचूक घेतला तर थोडा मंद खेळाडूही वेळेवर पोहोचतो. अकरा जणांनी अकरा दिशांना भन्नाट धावणे म्हणजे नुसती चाल. अकरा जण एकाच बिंदूकडे धावले म्हणजे तो वेग. आणि वजनदार खेळाडू त्या वेगाने आदळतो, तेव्हा वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, म्हणजे संवेग, हाही शब्द मराठीत तयारच आहे.

प्रतिसाद

गुरुजींचा मुद्दा सुंदर आहे, पण पाठ्यपुस्तकातील परिभाषा बोलण्यातील शब्दावर बंधनकारक नसते. रस्त्यावरच्या फलकावर ‘वेगमर्यादा’ लिहिलेले असते, ‘चालमर्यादा’ नव्हे, आणि तेथे गाडी कोणत्या दिशेला जात आहे याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. तरीही दोन्ही वाटांनी आपण ‘वेग’ या शब्दापाशीच येऊन पोहोचतो, म्हणून मी वाद वाढवत नाही.

विचारणा करणारीकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधीचे वाक्य काढून मी आता असे लिहिले आहे : ‘व्यावसायिक फुटबॉलमध्ये एखादा खेळाडू किती जोरात धावतो, यापेक्षा सगळा संघ चेंडूपाशी किती लवकर पोहोचतो, याला अधिक महत्त्व असते, या गुणाला सांघिक वेग म्हणतात, आणि तो ज्या संघापाशी असतो त्याच्यासमोर मैदान आखूड वाटू लागते.’ वडिलांनी हे वाचले आणि धावगतीचा विषय काढला नाही. त्यांनी फक्त एवढेच विचारले की, पळणाऱ्याच्या आणि पाठलाग करणाऱ्याच्या मधले अंतर ज्या वेगाने मिटत जाते, त्या वेगाला वेगळे नाव आहे का. समालोचक त्याला ‘क्लोजिंग स्पीड’ म्हणतात, हे मी त्यांना सांगितले. मराठी शब्द सांगता आला नाही.

प्रतिसाद

‘गाठण्याचा वेग’ म्हणावे. ‘त्याने त्याला गाठले’ या वाक्यात पाठलागही आहे आणि त्याचा शेवटही आहे. मेटकाफने बेकरला गाठले, असेच आपण सहज म्हणू.